शेवटच्या बाईच्या मागे

कोसमटोल्यात पोचू कुळमेथेला कुणी विचारलं, ‘भाऊ, तुमी काय करता?’ तर तो म्हणतो, ‘मी माघं चालतो.’

विचारणाऱ्याला वाटतं माणूस फार नम्र आहे. तसं काही नाही. पोचूचं कामच ते आहे.

पोंभुर्णा तालुक्यातलं हे गाव तीन बाजूंनी जंगलात आहे आणि चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या. मोह गळायला लागला की झुंजूमुंजू होताच बाया टोपल्या घेऊन निघतात. मोहामागून तेंदूची पानं, पानांमागून सरपण, पावसाळ्यात वारुळावरच्या सात्या, म्हणजे अळंबी. जंगल आहे म्हणजे वाघ आहे. वाघाबद्दल शहरातले लोक फार गहन बोलतात, पण कोसमटोल्याच्या अनुभवाप्रमाणे त्याचं गणित सोपं असतं. तो एक तर रांगेतलं शेवटचं माणूस धरतो, नाही तर वाकलेलं. वाकलेलं माणूस त्याला दोन पायांचं वाटतच नाही. आणि न वाकता मोह वेचायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

म्हणून गावाची रीत अशी, की सगळ्यात दणकट गडी सगळ्यात शेवटी चालतो. हातात कुऱ्हाड, मान मागे. शेवटची बाई वाकली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. ती उठल्याशिवाय हलत नाही. पोचूचा बाप हेच करायचा. बापाचे गुडघे गेले तेव्हा गावानं पेनठाण्यापुढे, म्हणजे देवाच्या जागेपुढे, बसून पोचूला नेमलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आता त्रेचाळीसचा आहे. एकोणीस वर्षांत त्याच्या रांगेतली एकही बाई कमी झाली नाही. एक शेळी गेली. पण ती रांगेत नव्हती, हे तो न विचारताही सांगतो.

सवय अंगात मुरली की ती बाजारातही सुटत नाही. पोचू बायकोबरोबर पोंभुर्ण्याच्या बाजारात गेला तरी दहा पावलं मागे चालतो, आणि मधूनमधून मागे वळून भाजीवाल्यांकडे संशयानं बघतो. सोमारी म्हणते, ‘लोकायले वाटते, हा मले धरून ठाण्यात नेऊन राह्यला.’

त्यांची एकुलती एक मुलगी दिव्या. पंधरा वर्षांची, दहावीत. तिला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तिनं गावाला आपल्या पद्धतीनं सांगितलं : ‘तुमच्या रक्तात पेढे हायेत, माह्या रक्तात विळे.’ थंडी पडली की ते विळे अडकतात, हाडं ठणकतात, रक्त उतरतं. दर दुसऱ्या गुरुवारी तिला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला जावं लागतं, कधी रक्त चढवावं लागतं. आजूबाजूच्या पाच गावांत असे तेरा जण आहेत. ‘रक्तसोबत’ नावाच्या संस्थेची एक पांढरी गाडी त्यांना गोळा करून नेत असे आणि सांजवेळी परत आणून सोडत असे.

नोव्हेंबरात त्या गाडीचं इंजिन गेलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि मयतीला आल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, ‘काही राह्यलं नाई.’

तेव्हापासून जायचं म्हणजे गावाहून ऑटो, मग एसटी, मग पुन्हा ऑटो. डिसेंबरात एका गुरुवारी दिव्या बसस्टँडवरच दुखण्यानं खाली बसली. पोचूनं तिला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत गेला. गेटाशी पोचल्यावर ती म्हणाली, ‘आज तं मीच माघं होती, बाबा.’ त्यानंतर तेरातले चार जण जायचेच थांबले.

संस्थेच्या मंजुषा मॅडम नर्स होत्या. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायच्या. जानेवारीत चंद्रपूरला मॅरेथॉन होती. एका नव्या समितीनं भरवली होती आणि धावणाऱ्यानं आपल्या आवडीच्या आरोग्यसंस्थेसाठी देणगीदार शोधावा अशी तिची कल्पना होती. मॅडमनी गावात येऊन हे सगळं सांगितलं.

‘किती धावाचं?’ पोचूनं विचारलं.

‘बेचाळीस किलोमीटर.’

‘कोनाच्या माघं?’

‘कुणाच्याच नाही. पुढं धावायचं, भाऊ.’

पोचूला यात काहीतरी चूक वाटली, पण त्यानं नाव दिलं.

देणगीदार मिळाला मूल गावचा. अजयशेठ, राईस मिलवाले. माणूस वाईट नव्हता, फक्त मापाचा होता. त्यांच्या काट्यावर पोतं ठेवलं की त्यात ना पावशेर कमी निघायचं ना जास्त, आणि बोलणंही त्याच काट्यावरून उतरलेलं. ते मॅडमना म्हणाले, ‘तुमचा मानूस पयल्या दहात आला तं इंजिन माह्याकडून. नवंकोरं. अकरावा आला तं राम राम.’

गावानंही आपली बोली लावली. गावातले जुने कास्तकार मुखरूभाऊ यांच्या ओट्यावर ठरलं, की पोचू जेवढे किलोमीटर धावेल तेवढ्या पायल्या धान सगळ्यांनी मिळून संस्थेला द्यायचं, डिझेलसाठी. मुखरूभाऊ म्हणाले, ‘बेचाळीस पायल्या मी आताच मोजून ठेवतो. हा अर्ध्यातून आला तं अर्ध्या कोठीत वापस टाकीन.’

पोचूनं सराव असा केला नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटर तो तसाही चालत होता. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या अश्वजितनं आपले बूट दिले. ते एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबला. निघण्याच्या आदल्या दिवशी दिव्यानं त्याला समोर बसवलं.

‘बाबा, उद्या माघं पाहाचं नाई.’

‘हव.’

‘हव हव नको करू. तुही मान वळली का पाय हळू होतेत. मी पाह्यलं हाय. घे माही शपथ.’

पोचूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘माघं नाई पाहीन.’

‘पाह्यलं तं?’

‘नाई पाहीन म्हनलं नं.’

*

साडेपाचला धाव सुटली. पाच किलोमीटरवाले आठशे होते. ते धावले, त्यांनी फोटो काढले, पोहे खाल्ले आणि घरी जाऊन झोपले, तेव्हा बेचाळीसवाले अजून लोहाऱ्याच्या जंगलात होते. बेचाळीसवाले होते एकूण ब्याण्णव. चंद्रपूरहून मूल रोडनं चिचपल्लीच्या पुढे जायचं, तिथून वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. दहा वाजेपर्यंत रस्ता गाड्यांसाठी बंद होता. वाघांना तसं काही कळवलेलं नव्हतं.

शिट्टी वाजली तेव्हा पोचू सवयीनं सगळ्यात मागे उभा होता. एक्याण्णव लोक निघून जाईपर्यंत तो थांबला. मंजुषा मॅडम कठड्यावरून ओरडल्या, ‘पोचूभाऊ, पुढं! आज पुढं!’ शेजारी शालीत गुंडाळलेली दिव्या उभी होती. ती ओरडली नाही. तिनं फक्त आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवला.

पोचू निघाला.

आणि मग त्याला एक गोष्ट कळली. त्याची मान पुढे होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला रस्ता दिसत होता, म्हणजे पुढचा. सागाच्या शेंड्यांवर उजेड येत होता, धुकं वर उचलत होतं, मागे काय आहे याच्याशी त्याला काहीएक देणंघेणं नव्हतं. पाय आपले आपणच जात होते. दहाव्या किलोमीटरला तो चाळिसावा होता, पंधराव्याला विसावा. ही मजा त्यानं पुढे कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे ते त्याचं त्यालाच समजेना.

वळणावर टेबल, पाण्याचे ग्लास आणि जमिनीवर एक चटई होती. चटईवरून पाय गेला की यंत्र ‘पीं’ करायचं. माइकवाला ओरडला, ‘एकशे सतरा नंबर, सहावा!’

हे फोनवरून चंद्रपूरला पोचलं. मंजुषा मॅडमनी दिव्याला मिठी मारली. दिव्या म्हणाली, ‘अजून येऊ द्या.’ पण तिनं शाल काढून घडी केली.

इकडे पोचू परतीच्या वाटेला लागला. आता समोरून बाकीचे येत होते. आधी घोळक्यानं, मग दोघं-दोघं, मग एकेकटे. पोचू नजर पुढे ठेवून धावत होता, शपथ अजून शाबूत होती. मग समोरून येणारे संपले. सव्वीस किलोमीटर झाले होते. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून गुलाबी टीशर्टातली एक बाई कंबरेवर हात ठेवून, बदकासारखी डुलत येत होती.

पोचू तिच्यापाशी आला. ‘जय सेवा, बाई. माघं कोन हाय?’

‘कोणी नाही.’ ती हसली. ‘मीच शेवटची.’

‘गाडी?’

‘कसली गाडी?’

शेवटच्या धावकामागे समितीची गाडी राहील, असं सकाळी माइकवर सांगितलं होतं. ती गाडी प्रमुख पाहुण्यांना आणायला गेली होती, हे मागाहून कळलं.

‘जा भाऊ, तुम्ही जा,’ ती म्हणाली. ‘तुमचा नंबर येईल.’

पोचू निघाला. दहा पावलं चंद्रपूरच्या दिशेनं टाकली. त्याच्या डोक्यात इंजिन होतं, दिव्या होती, सहावा नंबर होता आणि सोळा किलोमीटर राहिले होते. तेवढ्यात डावीकडच्या बांबूतून वानेर खाकरला. एकदा, मग दुसऱ्यांदा. वानेर उगाच खाकरत नाही. पोचू थबकला, पण मागे वळला नाही.

‘बाई,’ तो पुढे बघतच म्हणाला, ‘तुमी काय करून राह्यल्या?’

‘काही नाही,’ पाठीमागून आवाज आला. ‘लेस सुटली. बांधतेय.’

म्हणजे ती वाकली होती.

शेवटची बाई, आणि वाकलेली. अकरावं पाऊल पडलंच नाही. पोचू वळला, तिच्यामागे जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि बांबूकडे बघू लागला. यात विचार असा काही नव्हता. उकळत्या पातेल्याला हात लागला की आपण आधी हात काढतो, विचार मागून येतो. विचार आला तोवर तिची लेस बांधून झाली होती आणि ती चिचपल्लीच्या दिशेनं चालू लागली होती आणि पोचू तिच्या मागे होता.

‘अहो, तुमचं तिकडं आहे,’ ती म्हणाली.

‘हव.’

‘मग इकडं कुठं?’

‘माघं कोनी पाह्यजे.’

‘मला काही होत नाही. जा तुम्ही.’

‘हव,’ पोचू म्हणाला आणि मागेच राहिला. त्यानं रस्त्याकडेची एक पळसाची फांदी मोडून घेतली. नंबर लावून कुऱ्हाडीसकट धावायला चालत नाही, असं सांगून समितीनं ती सकाळीच ठेवून घेतली होती.

तिचं नाव पुनम. बल्लारपूरला वीजबिलाच्या खिडकीवर बसायची. वय चौतीस. तिचीही पहिलीच मॅरेथॉन, तीही सिकलसेलसाठीच. ऑफिसातल्या सगळ्यांनी पैज लावली होती की ती दहा किलोमीटरच्या पुढे जात नाही.

‘बोलत चला,’ पोचू म्हणाला. ‘मोठ्यानं.’

‘काय बोलू?’

‘काई बी. चुप मानूस जनावराले लवकर सापडते.’

पुनमनं घसा साफ केला. तोंडपाठ असं तिला एकच येत होतं.

‘मॅडम!’ ती जंगलाला ओरडली. ‘माह्या घरी दोन बलब आन एक पंखा! बिल चार हजार कसं येते?’ मग आवाज बदलून : ‘रीडिंगप्रमाणे आलंय, काका!’ पुन्हा : ‘रीडिंग घ्यायले आलता कोन? मी तं घरीच होतो!’ आणि : ‘दार बंद होतं असं लिहिलंय! साहेब जेवायला गेलेत! पुढच्या खिडकीवर जा!’

‘बेस हाय,’ मागून पोचू म्हणाला. ‘चालू ठेवा.’

वळणावर पोरं टेबल घडी करत होती. चटई अजून उचलायची होती. पुनमच्या पायाखाली ‘पीं’ झालं, मग पोचूच्या.

माइकवाला बघतच राहिला. ‘तुमी मघाशी गेले नं, भाऊ? सहावे?’

‘हव.’

‘मंग वापस काऊन आले?’

‘हे माघं राह्यली होती.’

माइकवाल्यानं यादीत बघितलं. यादीत अशा माणसासाठी रकाना नव्हता.

परतताना चिचपल्लीच्या अलीकडे ते घडलं. सव्वानऊ वाजले असतील. पोचू आता उलटा चालत होता, तोंड मागे, फांदी हातात, पाठ पुनमकडे. पोटरीत गोळा आला की थोडं उलटं पळायचा. दोनशे पावलांवर बांबू हलला आणि वाघीण रस्त्यावर आली. डांबराच्या मधोमध थांबली. मान वळवून इकडे पाहिलं.

‘बाई, थांबू नका. जरा मोठ्यानं,’ पोचू म्हणाला.

‘घसा बसला हो भाऊ.’

‘तरी.’

पुनमनं छाती भरून श्वास घेतला. ‘मुदतीत बिल न भरल्यास विलंब आकार लागेल! त्यावर व्याज लागेल! तरीही न भरल्यास पूर्वसूचनेशिवाय जोडणी तोडली जाईल!’

वाघिणीनं हे शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पलीकडच्या सागात निघून गेली. पोचूनं पुनमला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पळाली असती, आणि पळण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं.

*

ते पोचले तेव्हा पावणेएक वाजला होता. हवा भरून उभी केलेली कमान हवा काढून खाली पाडली होती. पुनमनं त्या पडलेल्या कमानीवर पाय ठेवून शेवट गाठला आणि तिथंच बसून रडू लागली. मग हसू लागली. समितीचा एक माणूस खोक्यातून दोन पदकं काढून देऊन गेला.

दिव्या कठड्यापाशीच होती. तिनं पहिले दहा मोजले होते. मग वीस मोजले. मग मोजणं सोडून रस्त्याकडे बघत बसली होती. बाप आला, तेव्हा तिनं आधी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, रक्त-बिक्त कुठे नाही ना. मग तिचा चेहरा बदलला.

‘सहावा होता म्हने तू.’

‘होतो.’

‘मंग?’

‘तिच्या माघं कोनी नोहतं.’

‘मी तुले म्हनलं होतं, माघं पाहू नको. माही शपथ घेतली तू.’

‘माघं नाई पाह्यलं,’ पोचू म्हणाला. ‘ते समोरून आली.’

दिव्यानं शाल अंगावर ओढली. ‘बाबा, तुले मी समोरून कधी दिसन?’

पोचू बूट काढून त्यातला कापूस काढत बसला.

मंजुषा मॅडमनी अजयशेठना फोन लावला. शेठनं सगळं शांतपणे ऐकलं. ‘मानूस भला हाय तुमचा. पन माहा शब्द दहाचा होता, मॅडम. आज मी एक्यान्नवाव्याले इंजिन देल्लं तं उद्या काट्यावर कोन भरोसा ठेवन?’

‘ब्याण्णवावा,’ मॅडम म्हणाल्या.

‘पाहा मंग.’

घरी दिव्या दोन दिवस बापाशी बोलली नाही. ‘मीठ दे’ एवढं बोलली, पण ते आईकडे बघून. मुखरूभाऊंच्या ओट्यावर वेगळाच वाद पेटला होता. मंजुषा मॅडमनी हिशेब सांगितला होता की पोचू बेचाळीस नाही, बावन्न किलोमीटर धावला. सोमारी बावन्न पायल्या मागत होती.

‘बेचाळीसचं बोलनं होतं,’ मुखरूभाऊ म्हणाले.

‘जेवढे धावन तेवढ्या, असं बोलनं होतं.’

‘वरचे दहा त्यानं आपल्या हौसेनं धावले वो. हौसेले पायली नसते.’

‘तुमच्या घरच्या बाया मोहाले जातेत, तवा हा त्यायच्या माघं हौसेनं चालते का?’

मुखरूभाऊंनी तंबाखू मळायला घेतली. त्यांची सून वच्छला आतून मापाची पायली घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून गेली. पण निकाल त्या दिवशी लागला नाही.

मंगळवारी गावात एक पांढरीशुभ्र कार आली. त्यातून समितीचे सचिव सुनिल सर उतरले. त्यांच्या चेहऱ्यावरून झोप उडालेली दिसत होती. एका वनरक्षकानं रविवारी मचाणावरून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता आणि तो आता सगळीकडे फिरत होता. व्हिडिओत पुढे एक बाई हातवारे करत ओरडते आहे, मागे एक माणूस फांदी घेऊन उलटा पळतो आहे, आणि त्याच्या मागे दोनशे पावलांवर वाघीण उभ्या उभ्या ऐकते आहे. लोक विचारत होते : शेवटच्या बाईमागे गाडी का नव्हती? परवानगी कुणी दिली? पत्रकारांचे फोन येत होते.

सुनिल सरांनी पिशवीतून एक कागद काढला. ‘पोचूभाऊ, तुमचं फार मोठं काम झालं. फक्त एक सही पाहिजे.’

पोचूनं कागद दिव्याकडे दिला. तिनं तो ओट्याच्या उजेडात नेऊन वाचला. ‘श्री. पोचू कुळमेथे यांची समितीतर्फे दिनांक तीन जानेवारी रोजी अंतिम धावकाचे संरक्षक म्हणून नेमणूक करण्यात आली होती. मानधन रुपये पाचशे.’ ती थांबली. ‘सदर व्यक्ती स्पर्धक नव्हती. नंबर व पदक समितीकडे जमा करण्यात येत आहे.’

‘तीन जानेवारीले तं बाबा आमच्यासंगं दवाखान्यात होता,’ ती म्हणाली.

सुनिल सर रुमालानं मान पुसू लागले. ‘बाळा, ते ऑफिसचं असतं. नेमणूक दाखवली की विषय मिटतो. नाहीतर पुढच्या वर्षी धावच बंद. तुमच्याच आजाराला पैसे मिळतात ना त्यातून?’

‘मिळाले का?’ दिव्यानं विचारलं.

सुनिल सरांनी पोचूकडे पाहिलं. पोचू कोंबडीकडे बघत होता.

‘हजार करतो,’ सर म्हणाले.

‘पैसे नाई. इंजिन.’

‘काय?’

‘रक्तसोबतच्या गाडीचं इंजिन. तुमी लिहा, संरक्षकाचं मानधन म्हनून समिती इंजिन देईन. मंग सही.’

‘असं कसं? समितीच्या नियमात इंजिन बसत नाही.’

‘गाडीत बसते,’ दिव्या म्हणाली. ‘तिथं बसवा.’

सुनिल सर कारपाशी गेले, फोनवर बराच वेळ बोलले. एकदा त्यांनी कारच्या टपावर हात आपटला. मग परत आले आणि कागदावर पेनानं दोन ओळी वाढवून, समितीचा शिक्का मारून दिला. शिक्का त्यांनी बरोबरच आणला होता.

दिव्यानं ओळी दोनदा वाचल्या. आता सही तेवढी राहिली होती. पण तिनं कागद बापाकडे दिला नाही. तो तिच्या हातातच राहिला.

‘बाबा,’ ती म्हणाली. दोन दिवसांतलं हे त्याच्याशी पहिलं बोलणं. ‘याच्यावर सही केली तं तू धावलाच नाई. सहावा बी नाई, शेवटचा बी नाई. तू चाकरीवर होता, असं होते.’

पोचूला सागावरचा तो उजेड आठवला. पाय आपले आपणच जात होते ते. सव्वीस किलोमीटर. कागदानुसार ते झालेच नव्हते.

‘गुरुवारी जाचं कसं?’ त्यानं विचारलं.

‘या गुरुवारी ऑटोनंच.’

‘मंग त्याच्या पुढच्या?’

दिव्यानं पेन दिलं. त्यानं सही केली. सोमारीनं आतून नंबराचा कपडा आणि पदक आणून सुनिल सरांच्या पिशवीत टाकलं. सर गेल्यावर दिव्या ओट्याच्या टोकाला बापाशेजारी येऊन बसली. ‘बूट लागले का पायाले?’ तिनं विचारलं.

‘नख गेलं एक.’

‘दाखव.’

ही बातमी मुखरूभाऊंच्या ओट्यावर पोचली तेव्हा ते म्हणाले, ‘म्हनजे थो धावलाच नाई. मंग पायलीच नाई लागत.’ यावर वच्छला आतून बाहेर आली आणि सासऱ्यांसमोर कधी बोलत नसे ती बोलली, ‘मामाजी, येत्या मोहाले त्याच्या जागी तुमी चाला.’ बावन्न पायल्या धान त्याच दिवशी भरलं. मुखरूभाऊंनी स्वतः मोजलं, आणि मोजताना माप चोरायला एकाही पायलीत बोट घातलं नाही.

इंजिन बसायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी गाडी कोसमटोल्यात आली. जायचे थांबलेले चौघं त्यात होते, आणि नव्यानं यायला लागलेली एक म्हातारी, भागीरथाबाई, नातीला घेऊन बसली होती. पोचू आणि दिव्या चढले. म्हातारी पोचूकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली.

‘तूच का गा थो, मोबाइलमंधला? उलटा पळनारा?’

‘हव, माय.’

‘मॅरेथान पळला म्हने तू. एवढं लांब. फुकटात?’

पोचूनं तोंड उघडलं, पण दिव्याच आधी बोलली. ‘नाई वो आजी. ड्युटीवर होता.’

‘असं सांग नं मंग,’ म्हातारी म्हणाली. तिला ते पटलं. तिनं नातीच्या अंगावरची शाल नीट केली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

गाडी नाल्यात उतरली, पलीकडच्या चढाला लागली. सगळ्यांचे कान नव्या इंजिनाकडे लागले. ड्रायव्हरनं गिअर बदलला. गाडी चढली.